कवळीतले अकरा किडे

धुरीबाबाच्या दरबारात नंबर लागला की आधी थोबाडीत बसायची, मग नाव विचारलं जायचं.

"कीड जागी झाली पायजे!" बाबा ओरडायचा. "झोपलेली कीड भायेर येत न्हाई. ही चापट तुला न्हाई, किडीला हाय!" आणि फाडकन दुसरी.

वडगाव रासाईच्या बाहेर, नदीकडं जाणाऱ्या रस्त्याला एक चिंच आहे. तिच्याखाली हा बाबा चार दिवसांपूर्वी येऊन बसला. चार दिवसांत त्यानं एवढ्या थापडा वाटल्या की चिंचेवरची वटवाघळंसुद्धा एका हातानं गाल धरून लटकायला लागली. तरी माणसं येतच होती. नदीपलीकडून दौंडाच्या अंगाची येत होती, शिरूरकडून जीप भरून येत होती. कुणाची दाढ, कुणाचा कान, कुणाची छाती. गाल लाल करून घ्यायचे आणि हसत घरी जायचे.

कारण किडे पडायचे, आणि ते डोळ्यांदेखत पडायचे.

मांडणी साधी होती. पितळी परातीत पाणी. पाण्याच्या मधोमध वीट. विटेवर निखाऱ्यात लाल केलेलं उलथणं. बाबा झोळीत हात घालायचा, तुपात कालवलेला चिमूटभर काळा धूप त्या उलथण्यावर टाकायचा. तडतड आवाज व्हायचा. लगेच वरून बुडाला भोक पाडलेलं मडकं पालथं. त्या भोकात पपईच्या पानाचा पोकळ देठ, आणि देठाचं दुसरं टोक आजाऱ्याच्या तोंडात नाहीतर नाकात. धूर आत जायचा, माणूस खोकून खोकून लोळायचा, वरून बाबाचा चेला भिमा पाठीत आसूड ओढायचा. मग मडकं उचलायचं. परातीतल्या पाण्यात पांढरे, बारीक, आकडेबाज किडे तरंगत असायचे.

"रिपोर्टात दिसत न्हाई, सोनोग्राफीला घावत न्हाई, पर धुरीला लपत न्हाई!" बाबा परात मिरवायचा. "हिमालयातला धूप हाय, बारा वर्सं बर्फात गाडलेला! पुण्याचा डाक्टर आला तरी हितं थोबाडीत खाऊनच बसंल!"

बयाबाईनं पहिल्याच दिवशी तोंड पुढं केलं होतं. तिचं दुखत-खुपत काहीच नव्हतं. पण गावात गंमत चाललीय आणि आपण तिच्यात नाही, हे तिला पासष्ट वर्षांत कधी सहन झालं नव्हतं. बाबानं तिला एक लगावली, जबडा वासून बघितला आणि म्हणाला, "म्हातारे, डावी दाढ पोखरली. लय किडं हायेत!" धूर दिला. अकरा किडे पडले. माणसांनी टाळ्या वाजवल्या.

बयाबाईला आतून असं हसू आलं की पोटाला कळ लागली. कारण तिच्या तोंडात दाढच नव्हती. दातही नव्हता. गेल्या हिवाळ्यात पोरानं, रविराजनं, दौंडला नेऊन तिला कवळी करून आणली होती. हे त्या दोघांनाच ठाऊक. गावाला तिनं सांगितलं होतं, "तीन म्हैने मेंढीचा चीक खाल्ला, आन् लेकरावानी नवं दात फुटलं." बयाबाईच ती. तिच्या गोष्टीत बिबट्या म्हशीचं दूध काढायचा, आणि भीमेला पूर आला की मासे एसटीत बसून माहेरी जायचे. दातांची गोष्ट मात्र गावानं खरी धरली होती, कारण दात दिसत होते.

म्हणून ती गप्प बसली. नुसती गप्प बसली असती तरी बरं होतं. पण संध्याकाळी पाण्याच्या टाकीपाशी साळूबाईनं विचारलं, "बयाबाई, केवढं व्हतं गं किडं?" आणि बयाबाईची जीभ वळवळली.

"केवढं? हे एवढं, वीतभर! आन् एक जण तर मागं वळून बघत व्हता, माजंच घर हाय म्हनून."

रात्रीपर्यंत त्या किड्यांना मिशा फुटल्या. दुसऱ्या दिवशी मांडवगणाला पोचेस्तोवर फणा आला. शिरूरहून जी जीप आली, तिच्यातली माणसं विचारत होती, "ती दातातनं साप काढलेली आजी कुठं ऱ्हाती?" बयाबाई दारात बसून मुलाखती द्यायची. एवढी मजा तिला नातवाच्या बारशातसुद्धा आली नव्हती.

नातू म्हणजे माऊली. वय दोन वर्षं. त्या पोराला मात्र दोन महिने चैन नव्हतं. नाक सारखं वाहायचं. पडल्या पडल्या खोकल्याची उबळ यायची, झोपेत घुर्र घुर्र वाजायचं, आणि जवळ घेतलं की कसलासा कुबट वास यायचा. तीन बाटल्या औषध झालं. चार दिवस बरं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. बयाबाईच्या छातीवर झोपून ते खोकायला लागलं की ती गोष्ट अर्धी सोडून त्याची पाठ चोळत बसायची.

उपकेंद्रातल्या नर्सबाई, हेलन सिस्टर, यांनी परवाच पोराच्या नाकात बॅटरी मारून बघितली होती. "मावशी, घाण एकाच नाकपुडीतनं येतीय, उजव्या. सर्दी असती तर दोन्हीतनं आली असती. आत काहीतरी असंल. मला दिसत न्हाई, आन् मी उगा काडी घालनार न्हाई. दौंडला नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडं न्या. उद्याच न्या."

बयाबाईचा नवरा गेणबा तिथंच बसला होता. "आमच्या बापजाद्यांनी मेंढरं वळली पावसापान्यात, कुनी नाकाचा डाक्टर बघितला न्हाई," तो म्हणाला. "चिंचंखाली देव बसलाय आन् तुमी दौंड सांगताय?"

रविराजला विचारायची सोय नव्हती. तो कुरकुंभला कंपनीत रात्रपाळी करायचा, सकाळी यायचा आणि कानात कंपनीचे पिवळे बोळे खुपसून दुपारभर मेल्यासारखा झोपायचा. घरावर विमान पडलं असतं तरी तो कूस बदलून झोपला असता.

चौथ्या दिवशी दुपारी बयाबाई दळण घेऊन घरी आली, तर पोर नाही, सून हर्षदा नाही, गेणबा नाही. शेजारीण ओरडली, "चिंचंखाली गेल्यात! गेणबानं पोरगं उचलून नेलं, हर्षदा मागनं पळत गेली!"

बयाबाई दळण तिथंच टाकून पळाली.

ती पोचली तेव्हा पपईचा देठ पोराच्या नाकात होता.

गेणबानं माऊलीचे हात धरले होते, भिमानं पाय. मडक्यातून पिवळट धूर आत चालला होता. पोर आधी किंचाळलं, मग किंचाळायचंही थांबलं. नुसतं तोंड उघडं, डोळे पांढरे, ओठ जांभळे. हर्षदानं सुसाट पुढं होऊन लाथ घातली. मडकं फुटलं. तिनं पोर ओढून घेतलं आणि पालथं करून पाठ चोळली. ओकारी झाली, तेव्हा कुठं श्वास आला.

"दरबार इटाळला!" बाबा गरजला. त्यानं परात वर धरली. "ह्ये बघा! नऊ किडं! आजून आत नव्वद हायेत. आन् कुनी पोसल्यात? धुरी मोडली कुनी? जी पोसती तीच मोडती!"

माणसांचं एकदम मोहोळ उठलं. पहिली चप्पल साळूबाईची आली. ती हर्षदाच्या कानशिलावर बसली. मग एक दगड आला. कपाळ फुटलं, रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. गेणबानं, सख्ख्या सासऱ्यानं, तिचे केस मुठीत धरले. "बोल! काय घातलंस माज्या नातवाला?"

"मामा, सोडा! पोराला दौंडला न्यायचंय!"

"दौंडला न्हाई," बाबा म्हणाला. त्यानं निखाऱ्यात विळा खुपसला. "छातीवर तीन डाग. इळा लाल झाला की किडं आपसूक धूम ठोकत्याल. आन् हिच्या जिभंवर एक."

आसूड कडाडला. हर्षदानं पोराला पोटाशी घेऊन पाठ वर केली. एक वळ उठला, दुसरा उठला, तिसऱ्याला ब्लाउज फाटून कातडं निघालं. ती हलली नाही.

बयाबाई गर्दीत कोपरं मारत आत घुसली. "थांबा! थांबा रं! ह्यो खोटारडा हाय!"

माणसं हसली.

"बयाबाई, तूच म्हनतीस व्हय?" सोसायटीचा पोपटराव म्हणाला. "तुज्याच दाढंतनं न्हाई का अकरा काढलं? तूच सांगितलंस, वीतभर व्हतं म्हनून! तुज्यामुळं तर मी माज्या आईला घिऊन आलो."

"मी बी!" साळूबाई म्हणाली.

"आमी शिरूरवरनं आलो, आजी!"

हे सगळं बाबानं नाही, बयाबाईनंच उभं केलं होतं. त्या परातीतल्या दोऱ्याएवढ्या किड्यांना तिनं वीतभर केलं होतं, आणि आता ते तिच्याच नातवाची छाती डागायला निघाले होते. निखाऱ्यात विळ्याचं टोक लाल व्हायला लागलं होतं. तिच्याकडं एकच खरी वस्तू होती, आणि ती तिच्या तोंडात होती.

बयाबाईनं दोन्ही अंगठे तोंडात घातले आणि कवळी काढली. वरची काढली, खालची काढली. हातावर घेऊन उंच धरली.

माणसं माना उंच करून बघायला लागली.

"ह्ये माजं मेंढीच्या चिकाचं दात!" गाल आत गेलेले, शब्द फुसफुसत होते, पण आवाज खणखणीत होता. "दौंडाला केल्यात. मी गावाला थाप मारली. चिकाची थाप, वीतभर किड्यांची थाप. माजी चूक. पर आता मला सांग रं बाबा, ह्या पलाष्टिकात अकरा किडं गेलं कसं? काय खात व्हतं आत बसून?"

कुणीतरी फिसकन हसलं. बाबा बिथरला.

"हिरड्यांतनं काढलं व्हतं!"

"तू दाढ म्हनला व्हतास. डावी दाढ."

बाबानं भिमाच्या हातातला आसूड हिसकून फिरवला. बयाबाईच्या खांद्यावर बसला आणि लुगड्यासकट मांस घेऊन गेला. तिनं किंकाळी मारली, पण कवळी सोडली नाही. भिमा धावून आला. पोपटरावानं त्याच्या पायात पाय घातला. भिमा तोंडावर आपटला, दोन दात तिथंच पडले. त्याचे मात्र खरेच होते.

"थांबा," पोपटराव म्हणाला. "म्हातारी थापाडी हाय, पर कवळी हातात दिसतीया. बाबा, कवळीला द्या एकदा धुरी. तुमचं खरं असंल तर तिच्यातनं काय पडनार न्हाई."

"देवाची परीक्षा बघताय?"

"देवाला कशाला वढतोस?" बयाबाई म्हणाली. "देव बानूबायसंगं हितंच उभा ऱ्हाऊन हसत आसंल. मीच देते धुरी."

तिनं परातीतलं पाणी ओतलं. कुणाच्या तरी कळशीतलं स्वच्छ पाणी घातलं आणि सगळ्यांना वाकून बघायला लावलं. पाण्यात काही नाही. वीट ठेवली. उलथणं लाल केलं. बाबाच्या झोळीतला धूप टाकला. दुसरं मडकं पालथं घातलं, देठ लावला, आणि देठाचं टोक दगडावर ठेवलेल्या कवळीकडं धरलं. धूर कवळीवरून फिरला. कवळी खोकली नाही.

मडकं उचललं. परातीत चौदा किडे.

"अगं बया," साळूबाई म्हणाली. "कवळी बी किडली!"

"साळे, तुज्या टकुऱ्याला धुरी द्याला पायजे. बरं, कवळी बी नगं." बयाबाईनं कवळी कमरेला खोचली आणि तो दगडच पुढं ओढला. "आता धोंड्याला दिऊ."

धोंड्यातून सतरा पडले.

साळूबाईनं धोंड्याकडं बघितलं, परातीकडं बघितलं आणि खाली बसली.

बयाबाईनं झोळी उलटी केली. तुपाचा डबा, राख, आणि वाळलेल्या, गोटीएवढ्या पिवळ्या फळांचा ढीग भुईवर सांडला. "वळखा! जी मेंढरामागं हिंडलीत त्यांनी वळखा!"

गेणबा पुढं वाकला. "रिंगनी," तो हळूच म्हणाला. माळावरची काटेरी रिंगणी. मेंढरांच्या पायात जन्मभर तिचेच काटे काढले होते त्यानं.

बयाबाईनं फळ फोडलं, एक चपटं बी घेतलं, नखावर दाबलं. आतून पांढरा, बारीक, आकड्यासारखा कोंब निघाला. तिनं तो पाण्यात टाकला. पाणी हललं, कोंब वळवळला.

"ह्यो किडा. धूप म्हंजी राखंत-तुपात कालवल्यालं ह्येच बी. ते तापलं की तडतडतंय, फुटतंय, आतला कोंब उडून पान्यात पडतोय. वरनं मडकं झाकल्यालं, म्हनून दिसत न्हाई. दाढ लावा, कान लावा, लेकरू लावा न्हाईतर धोंडा लावा. किडं तेवढंच!"

मग चार दिवसांच्या सगळ्या थापडा एकदम उलट्या फिरल्या. बाबाची दाढी हातात आली, तिच्यासकट थोडी हनुवटी आली. कुणी लाथा घालत होतं, कुणी त्याचाच आसूड त्याच्या मानेला आवळत होतं. गेणबानं निखाऱ्यातला लाल विळा उपसला.

"हाच डाग तुज्या तोंडावर देतो!"

"मामा." हर्षदा उठून उभी राहिली. कडेवर पोर, डोळ्यात रक्त. "इळा ठिवा. मगाशी ह्योच हात माज्या केसात व्हता."

गेणबाचा हात खाली आला. विळा धुळीत पडून चुरचुरला.

"कवा हिला मारताय, कवा त्याला मारताय," बयाबाई म्हणाली. "मारायला कुनीबी चालतंय तुमाला. त्याला डागून पोराचा खोकला जानार हाय का? बांधून ठिवा चिंचंला. आन् गाडी आना कुनीतरी!"

गाडी आलीच होती. चिंचेखालचा गलका ऐकून हेलन सिस्टर रविराजला उठवायला गेल्या होत्या. हाका मारून, दार बडवून उठला नाही, तेव्हा तांब्याभर पाणी तोंडावर ओतून त्यांनी त्याला उठवलं होतं. पोलिसांनाही त्यांनीच फोन केला. रविराजनं बायकोचं कपाळ बघितलं, आईचा खांदा बघितला आणि बाबाकडं वळला. सिस्टरांनी त्याची कॉलर धरली. "आधी पोरगं! बस गाडीत!"

दौंडच्या डॉक्टरीणबाई बारीक चणीच्या होत्या. त्यांनी माऊलीला चादरीत गुंडाळलं, हर्षदाच्या मांडीवर घेतलं, डोक्याला बांधलेला दिवा लावला आणि उजव्या नाकपुडीत बघितलं. "हं," म्हणाल्या. लांब निमुळता चिमटा आत गेला. पोर एकदाच कळवळलं.

चिमट्याच्या टोकाला शेंगदाण्याएवढं काहीतरी लिबलिबीत होतं. त्याच्या वासानं सगळ्यांनी नाकं धरली. डॉक्टरीणबाईंनी ते पाण्यात धुतलं. ते पिवळं निघालं.

"भंडारा!" गेणबाच्या तोंडून गेलं.

"फोम आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "स्पंज. तुमच्या घरात असं पिवळं काय आहे?"

रविराजनं खिशात हात घातला. घाईत उठताना कानातून उपटलेले कंपनीचे दोन बोळे बाहेर काढले. पिवळे, मऊ, बोटात दाबले की बारीक होणारे. सोडले की फुगणारे. त्यानं ते टेबलावर, त्या तुकड्याशेजारी ठेवले. रंगात तसूभर फरक नव्हता.

"मशीनच्या आवाजासाठी देत्यात," तो म्हणाला. "दिसा झोपताना मी घालतो. ह्यो शेजारी बसून बघत असतो. दोन म्हैन्यांमागं एक बोळा सापडला, कुरतडल्याला. मला वाटलं उंदीर."

"बाप कानात घालतो, यानं नाकात घातला," त्या म्हणाल्या. "आत जाऊन फुगला. त्याच्याभोवती घाण साठली. थोडी पुढून वाहायची, बाकीची मागून घशात उतरायची, म्हणून पडलं की खोकला. औषधानं घाण कमी व्हायची, बोळा तिथंच. आणि बरं झालं, आज आणलंत. त्या धुरानं पोर गुदमरून गेलं असतं."

रविराज भिंतीला टेकून मुलासारखा रडला. "आये, म्हंजी करनी मीच केली व्हय गं?"

"करनी न्हाई, चूक," बयाबाई बोळक्या तोंडानं म्हणाली. "चुकीला दोरी बांधून आढ्याला टांगायचं, लेकराच्या हाताला घावनार न्हाई असं. करनीचं काय करशील?"

त्या रात्री माऊली आठ वाजताच झोपला. घुर्र नाही, उबळ नाही. बयाबाई कान लावून बसली होती. नुसता श्वास येत होता, दोन्ही नाकपुड्यांतून.

बाबा आणि भिमा आत आहेत. जादूटोण्याच्या कायद्याखाली केस उभी आहे. पंचनाम्यात परात, मडकं, आसूड, विळा, रिंगणीची फळं, आणि 'एक कवळी, वरची व खालची' अशी नोंद झाली. पुरावा म्हणून तीही पोलिसांनी नेली. त्यामुळं बयाबाई सध्या ताकात भाकरी कुस्करून खाते. साळूबाई चप्पल हातात घेऊन माफी मागायला आली होती. हर्षदानं ऐकून घेतलं, पण माफ अजून केलं नाही. गेणबाशीही ती अजून बोलत नाही. तो रोज पोराला नाक पुसून तिच्याकडं आणून देतो आणि दारातच उभा राहतो.

अजूनही कुठूनकुठून माणसं येतात आणि विचारतात, ती दातातनं साप काढलेली आजी हीच का? बयाबाईच्या जिभेला एकदम पाणी सुटतं. केवढी मोठी गोष्ट सांगता येईल! पण तिचा हात आपोआप खांद्यावरच्या व्रणाकडं जातो, आणि ती त्यांना घरात बोलावून, पाणी देऊन सरळ सांगते:

"साप न्हवता. किडा बी न्हवता. लेकराच्या येकाच नाकपुडीतनं वाहात आसंल, वास येत आसंल, खोकला हटत नसंल, तर आत काय अडाकलंय त्ये डाक्टरला बघू द्या. कुनाच्या सुनंचं केस धरू नका. आन् कुनी किडं काढून दाखवतो म्हनला, तर लेकरू पुढं करू नका. त्याला म्हनावं, आदी धोंड्याला धुरी दे."